वाद्याला तोंड लावायचं नाही

२०१९ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि माझ्या हातात काहीही बिघाड नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील, म्हाताऱ्याचे हात थरथरत असतील. हात ठीक होते. कान गेला होता. आणि तो गेलाय हे मला सोडून घरात सगळ्यांना कळलेलं होतं.

मी व्हायोलिन वाजवतो. लग्नाच्या बँडात नाही आणि सिनेमाच्या गाण्यांच्या मागेही नाही. गादीवर मांडी घालून बसायचं, मागे दोन तानपुरे, शेजारी तबला, आणि दीड तास एक राग. खानदेशात हे करून पोट भरणारा माणूस दुसरा असेल तर मला दाखवा, मी त्याच्या घरी जाऊन पाया पडेन. शाळा चौथीपर्यंत. पास की नापास ते विचारू नका, निकालाच्या दिवशी मी शाळेत गेलोच नव्हतो.

चौदाव्या वर्षी मी धुळ्यात एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला होतो. समोर पांझरेच्या बाजूला एक जुनं घर होतं, तिथे माझे गुरुजी राहायचे. पुण्याकडचे होते. नाटक कंपनीबरोबर फिरता फिरता कंपनी बुडाली आणि हे धुळ्यात राहिले. संध्याकाळी ते वाजवायला बसले की माझ्या हातातली ट्यूब पाण्याच्या टबात तशीच राही. मालक ओरडे, "अरे, भोक सापडलं का?" मला काय सापडलं होतं ते त्यांना काय सांगणार. महिन्याभरात मी गुरुजींचं अंगण झाडायला लागलो आणि नऊ वर्षं झाडलं.

गुरुजी फार बोलत नसत. त्यातून आमची भाषा वेगळी. मी 'गळा' म्हणायला जायचो आणि तोंडातून 'गया' निघायचं. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. ते म्हणायचे, "व्हायोलिन गळ्यातून यायला पाहिजे. म्हण बरं, गळा." मी म्हणायचो, "गया." ते म्हणायचे, "मग गेलंच." एवढीच काय ती त्यांची थट्टा. बाकी सगळे नियम. त्यातला सगळ्यात मोठा त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितला : वाद्याला तोंड लावायचं नाही.

आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून वाजवतात. वाद्याचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचं, दुसरं टोक छातीला आणि खांद्याला. तोंड मोकळं. साहेबलोक उभं राहून हनुवटीखाली दाबून धरतात, तसं नाही. मी हा नियम असा पाळला, जसा एखादा माळकरी माळ पाळतो. कार्यक्रमात कुणी हनुवटी टेकवून वाजवताना दिसला तर मी उठून बाहेर चहा प्यायला जायचो. गुरुजी स्वतः कधीकधी खुर्चीवर बसून हनुवटीखाली धरून वाजवायचे, कंपनीतली सवय. ते मी बघायचो. पण मला वाटायचं, ते गुरुजी आहेत, त्यांचं त्यांना माफ.

गुरुजी गेले तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. तिथून पुढचं सगळं मी माझ्या हिमतीवर केलं. धुळं सोडून जळगावला आलो. आधी कीर्तनात, मग गाणाऱ्यांच्या मागे, मग एकट्याने. इंदूर, नागपूर, सुरत, पुणे, मुंबई. रेडिओवर वाजवलं. तीन वेळा परदेशातून बोलावणं आलं. दोनदा गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी पत्रिकेत माझं नाव साथीदारांच्या ओळीत छापलं, म्हणून तिकीट परत पाठवलं. पुण्याला राहायला या, असं पुष्कळांनी सांगितलं. मी म्हटलं, ज्याला ऐकायचंय त्याने जळगावला यावं, रेल्वे आहे. तिथेच मेहरूणला तलावाच्या अलीकडे दोन खोल्या घेतल्या, पुढे त्याच्या चार झाल्या. शिष्य आले, गेले. जास्त गेलेच. मला त्याचं काही वाटायचं नाही.

एकीचं मात्र वाटायला हवं होतं. शिरपूरची एक बाई, प्राथमिक शाळेत शिक्षिका. पस्तिशीत शिकायला आली. दर रविवारी पहाटेची एसटी धरून शिरपूरहून जळगावला यायची आणि दुपारी परत जायची. सहा वर्षं. तिचा गज, म्हणजे वाजवायची ती कामठी, तारेवरून असा जायचा की कुठे वळला ते कळायचं नाही. मी तिला हे कधी सांगितलं नाही. सांगितल्यावर माणूस बिघडतो.

एका रविवारी बघतो तर तिने मान वाकवून गाल वाद्याला टेकवलेला.

"मान वर," मी म्हटलं.

"आबा," ती म्हणाली, "असं टेकवलं ना, की सूर आतून ऐकू येतो."

"आतून म्हणजे कुठून? पोटातून?"

"डोक्यातून. तुम्ही एकदा करून तर बघा."

मला, करून बघा! मी म्हटलं, "तोंड लावायचं असेल तर घरी ताटाला लाव. वाद्य खाली ठेव."

तिने वाद्य पेटीत ठेवलं, पेटीची कडी लावली, माझ्या पाया पडली आणि गेली. पुढच्या रविवारी आली नाही. मी तासभर दार उघडं ठेवून बसलो होतो, पण ते वारा यावा म्हणून, असं बायकोला सांगितलं. ही २०११ची गोष्ट.

आता २०१९. गुरुजींना जन्मून शंभर वर्षं होत होती. धुळ्याच्या लोकांनी कार्यक्रम ठरवला आणि मला बोलावलं. माझ्या एकट्याचंच वादन. फेब्रुवारीत, संध्याकाळी. मी यमन वाजवायचं ठरवलं, कारण गुरुजींनी मला पहिला तोच शिकवला होता.

जानेवारीत माझा तबलजी घरी सरावाला आला. माझ्याच वयाचा, धुळ्यात गुरुजींच्या गल्लीत वाढलेला, गुरुजींकडे ठेका द्यायला येई तेव्हापासूनची ओळख. जळगावात त्याचं तबला-ढोलकीला कातडं चढवायचं दुकान आहे. चाळीस वर्षं मी पुढे आणि तो शेजारी. त्या दिवशी अर्ध्या तासाने त्याने तबल्यावरून हात उचलला.

"भाऊ, एक बोलू?"

"बोल."

"ऊपर का सा उतर रहा है."

"तुझा तबला चढला असेल."

"मेरा तबला मैंने आधे घंटे में चार बार मिलाया. तुम्ही गज दाबताय. ऐकू येत नाही म्हणून दाबताय, आणि दाबला की सूर खाली बसतो."

"मला ऐकू येत नाही?"

"मी आल्यावर तीन हाका मारल्या. वहिनींनी दार उघडलं."

मी म्हटलं, धुळ्याला मी दुसरा तबलजी बघतो. तो म्हणाला, "बघा." हातोडी पिशवीत टाकली, तबले कापडात बांधले आणि निघाला. जाताना बायकोने दिलेला चहा मात्र उभ्याने पिऊन गेला. तो तिच्यावर कधी रागावत नाही.

मी बायकोला विचारलं, "काय वं, वरचा सूर उतरस का मना?"

ती मेथी निवडत होती. तिला गाणं शिकवायचा प्रयत्न मी लग्नाच्या वर्षी केला होता आणि दोन दिवसांत सोडला होता. पण पंचेचाळीस वर्षं ती स्वयंपाकघरातून ऐकते आहे. म्हणाली, "माले रागबिग समजत नही. पन वरला सूर आते टोचस. पहिले टोचे नही."

"मंग सांगं का नही?"

"बठ्ठा गावले माहीत शे. तुमलेच माहीत नही. मी कसाले सांगू?"

त्या रात्री मी नीट जेवलो नाही, हे ती अजून सगळ्यांना सांगते. माझ्यासमोर प्रश्न सरळ होता. धुळ्यात, गुरुजींच्या फोटोसमोर, यमनचा वरचा सा उतरला तर चोपन्न वर्षं पाण्यात. आणि नाही म्हणून कळवलं तर लोक म्हणतील, संपला. दोन्ही मला जमणारं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीण होती, तरुण, चटपटीत. तिने एक लोखंडी चिमटा काढला, आपटला आणि माझ्या कानाजवळ धरला.

"बाबा, ऐकू येतंय?"

"थोडं. लांबून."

मग तोच चिमटा तिने माझ्या कानामागच्या हाडावर टेकवला. काय सांगू! सगळं डोकं वाजलं. तानपुऱ्याच्या भोपळ्यात डोकं घातल्यासारखं.

"आता?"

"आता येतंय. पण डॉक्टर, तुमचा हा चिमटा पांढरी एकच्या सुरापेक्षा जरा खाली आहे."

तिने चिमटा डोळ्यांसमोर धरला. "म्हणजे?"

"म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी. त्याच्या खाली आहे. केसभर. बदलून घ्या."

ती हसायला लागली. म्हणाली, "बाबा, तुमचा आतला कान माझ्यापेक्षा चांगला आहे. बाहेरून आत आवाज नेणारी बारीक हाडं आखडलीत. हवेतून आलेलं ऐकू येत नाही, हाडातून गेलेलं येतं." ऑपरेशनचं बोलली, यंत्राचं बोलली. ऑपरेशन मी धुळ्यानंतर बघू म्हटलं. यंत्र आठ दिवस लावून बघितलं. बोलणं चांगलं ऐकू यायचं, अगदी शेजारणीचंही. पण तानपुरा सुरू केला की पत्र्यावर वाळू पडावी तसा आवाज. काढून डबीत ठेवलं.

आणि त्या आठ दिवसांत एकच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. माझं नाही, डॉक्टरीणबाईचंही नाही. असं टेकवलं ना, की सूर आतून ऐकू येतो.

एका दुपारी मी दार लावलं. वाद्य घेतलं. मान वाकवली आणि जबड्याचं हाड वाद्याच्या कडेला टेकवलं. गज वरच्या सा वर हळूच ठेवला. दाबला नाही.

सूर आला. पंधरा वर्षांपूर्वी यायचा तसा. नाही, त्याहून जवळ, जसा मीच तोंडाने म्हणतोय. मी सरकत वर गेलो, खाली आलो, परत गेलो. किती वेळ गेला ठाऊक नाही. दारावर थाप पडली, तीही मला हाडातूनच कळली असावी. उठून दार उघडलं.

"दार लाईसन काय करी राहिनात?" बायको.

"काही नही."

"आज टोचत नही," ती माझ्या कानाशी जोरात म्हणाली आणि निघून गेली.

आता वाटेल की सुटला प्रश्न. नाही सुटला. घरात दार लावून करणं वेगळं आणि धुळ्यात गुरुजींच्या फोटोसमोर करणं वेगळं. ज्या माणसाने सांगितलं वाद्याला तोंड लावायचं नाही, त्याच्याच शंभरीला त्याच्याच पुढ्यात तोंड लावून बसायचं? त्यापेक्षा सूर उतरलेला बरा, इथपर्यंत मी आलो होतो. माझा स्वभाव आहे तसा.

तबलजीशिवाय तर जाता येणार नव्हतं. दुसरा बघतो म्हणालो होतो, पण दुसरा कुठला? भांडणाला पंधरा दिवस झाल्यावर त्याच्या दुकानात गेलो. तो ढोलकीच्या वाद्या, म्हणजे चामड्याच्या पट्ट्या, ओढत होता. वर बघितलं नाही.

"दुसरा मिळाला नाही वाटतं," तो म्हणाला.

"मिळाले तीन. तिघांना नापास केलं."

"चौथीवाल्याने?"

मग मी बाकड्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टरीण, चिमटा, जबडा. आणि म्हटलं, पण गुरुजींचा नियम आहे, मी मोडणार नाही. तू मंद्रातलं काहीतरी सुचव, वर जायची गरज पडणार नाही असं.

त्याने वादी सोडली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"कौन सा नियम?"

"वाद्याला तोंड लावायचं नाही."

"भाऊ," तो म्हणाला, "वो नियम था? तुम्ही त्याला नियम समजलात?"

"मग काय होतं?"

"तुम्ही तंबाखू खायचात!"

मी गालाला हात लावला.

"सायकलच्या दुकानातून तोंड भरून यायचात. गुरुजींच्या व्हायोलिनवर तुमच्या गालाखाली ये बडा दाग. पिवळा. तुमची पाठ असताना गुरुजी धोतराच्या सोग्याने पुसत होते, मी समोर बसलो होतो. तुम्हाला ओरडले, वाद्याला तोंड लावायचं नाही. तुम्ही पाणी आणायला गेलात तेव्हा मला म्हणाले, याची तंबाखू सुटली की हनुवटी लावायला शिकवीन, मान आखडते त्याची."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"मला काय माहीत! मला वाटलं, ही तुमची इश्टाइल आहे. लोग भी बोलते थे, क्या तन के बैठते हैं."

तो हसत सुटला. वादी हातातून निसटली, ढोलकी गडगडत रस्त्यापर्यंत गेली. एका रिक्षावाल्याने पायाने अडवून परत ढकलली. मला हसू यायला वेळ लागला. नऊ वर्षं मी गुरुजींकडे शिकलो आणि नऊ वर्षं चोरून तंबाखू खाल्ली. त्यांना कळत नाही असं मला वाटायचं. ते वाट बघत होते. ते गेले त्या दिवशीसुद्धा माझ्या गालात तंबाखू होती. नदीवरून परत येताना थुंकली, ती शेवटची. पण बघायला ते नव्हते. राहिलेला धडा राहूनच गेला, आणि मी त्या राहिलेल्या धड्याचाच नियम करून लोकांना मारत सुटलो.

धुळ्याला आम्ही दोघं एसटीनेच गेलो. हॉल भरला होता. बाहेर भरीत-पुरीची तयारी, वास आतपर्यंत येत होता. गुरुजींच्या फोटोला झेंडूचा हार. माझ्या ओळखीचे चेहरे थोडे, त्यांची मुलं-नातवंडं जास्त.

पहिली वीस मिनिटं मी नेहमीसारखा ताठ बसून वाजवलं. खालचे सूर छातीतून कळतात, तिथे अडचण नव्हती. मध्य सप्तक झालं. नी वर थांबलो. यमनात नी वर थांबलं की सगळा हॉल वरच्या सा कडे बघायला लागतो. मी थांबूनच राहिलो. तबला अजून सुरू झाला नव्हता. तबलजी हळूच पुटपुटला असणार, कारण मला ऐकू आलं नाही, नुसते ओठ दिसले : लगाव.

मी फोटोकडे बघितलं, आणि मान वाकवली.

सा लागला. मी तो सोडलाच नाही. गज संपेपर्यंत धरला, वळवला आणि परत धरला. तबलजीने मांडीवर हात आपटून एकच 'हां' म्हटलं. तेही मला ऐकू आलं नाही, पण हात दिसला. पुढचा तासभर मी तसाच वाजवत राहिलो, वाद्याला गाल लावून, जसं एखादं पोर आईच्या खांद्यावर. लोक काय म्हणतील हा विचार मध्येच एकदा आला आणि तानेत कुठेतरी पडला.

संपल्यावर टाळ्या हातांवरून कळल्या. मग कार्यक्रम करणारा एक गृहस्थ मंचावर आला, माझ्या कानाशी वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "भाऊ, मान अवघडली होती का? मध्येच वाकलात."

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. तसं म्हणायला तोंडही उघडलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "मला कमी ऐकू येतं. असं टेकवलं की सूर आतून ऐकू येतो."

तो म्हणाला, "अरे वा, हे तुमचं तुम्ही शोधलंत?"

"नाही," मी म्हटलं, "शिरपूरच्या एका बाईने."

तबलजीने तबले बांधता बांधता मान वर केली. ही गोष्ट त्यालाही मी सांगितली नव्हती. रात्री भरीत खाताना सगळी सांगितली. ताटाला तोंड लाव म्हणालो होतो, तेसुद्धा. तो म्हणाला, "भाऊ, आज तुम्हीच ताटाला तोंड लावलंय." आणि माझ्या पुढ्यात आणखी एक पुरी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याच्या स्टँडवर तो जळगावच्या गाडीत बसला आणि मी शिरपूरच्या. तिचा पत्ता मला माहीत नव्हता, पण शाळा माहीत होती, आणि रविवार असल्यामुळे शाळेच्या शिपायाने घर दाखवलं. ती अंगणात गव्हाच्या पापडाचं पीठ घोटत होती. केस पिकले होते. मला बघून पीठभरल्या हातांनीच उठली.

"आबा? तुम्ही?"

"व्हायोलिन कुठे आहे?"

"माळ्यावर."

"काढ."

तिने हात धुतले, स्टूल लावलं आणि पेटी खाली आणली. वरच्या दोन तारा तुटल्या होत्या, गजाचे केस पिवळे पडले होते. मी माझ्या पिशवीतून तारा काढल्या, तिच्या ओट्यावर मांडी घातली आणि चढवायला घेतल्या. ती समोर उभीच होती. सूर जुळल्यावर मी वाद्य तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "बस. आणि मान वाकव. गाल टेकव. हं, असा. आता सा लाव, मी तुझ्याकडून शिकायला आलोय."